लपलेला अ

लहानपणी मला वाटायचं, अप्पा विसरभोळे आहेत.

संगमनेरच्या आमच्या घराच्या ओसरीवर सकाळी रोगी येऊन बसायचे. अप्पा म्हणजे माझे आजोबा, वैद्य. रोग्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवून ते डोळे मिटत. नाडी बघून झाली की खलातलं चूर्ण कागदावर घेऊन पुड्या बांधायला लागत, आणि बांधता बांधता म्हणत, ‘पथ्ये सति गदार्तस्य किमौषधनिषेवणैः.’ मग जरा थांबायचे. पुडीचं टोक आत खोचायचे. आणि पुन्हा तेच, त्याच चालीत: ‘पथ्ये सति गदार्तस्य किमौषधनिषेवणैः.’ रोगी मान डोलवायचा. आतून आजीचा आवाज यायचा, “एकदा म्हटलं तरी चालतं. ऐकू येतं त्यांना.”

माझी समजूत अशी की पुढची ओळ आठवत नाही म्हणून अप्पा पहिलीच परत म्हणतात. वर्गात कविता म्हणताना मीही तेच करायचो.

आठवीत संस्कृत सुरू झालं तेव्हा एकदा धीर करून विचारलं. अप्पांनी माझीच वही ओढली, दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि खालच्या ओळीत ‘पथ्ये’ नंतर पेन्सिलीनं एक छोटं वळण काढलं, ऽ. मला तो लोंबकळणारा इंग्रजी एस वाटला.

“वाच.”

वाचलं.

“त्या चिन्हाचा उच्चार कसा केलास?”

“केलाच नाही.”

“नसतोच. पण तिथे एक अ आहे. ए-कारानं गिळलाय.”

वरची ओळ ‘पथ्ये सति’, पथ्य असताना. खालची ‘पथ्ये असति’, पथ्य नसताना. संधी झाला की ‘असति’मधला अ लोप पावतो आणि दोन्ही ओळी कानाला एक होतात. पथ्य पाळत असेल तर रोग्याला औषध घेऊन काय करायचंय? आणि पथ्य पाळत नसेल तर औषध घेऊन काय उपयोग? एकच प्रश्न दोनदा, तोच सूर, तेच सोळा आणि सोळा वर्ण, आणि दोन्ही वेळा औषधाच्याच पदरी निराशा. बांधलेल्या पुड्या रोग्याच्या हातात ठेवताना एखादा वैद्य हे म्हणतो, याची गंमत मला फार नंतर कळली.

हा श्लोक लोलिंबराजाचा. पुस्तकाचं नाव ‘वैद्यजीवन’. अप्पांकडे त्याची एक जुनी छापील प्रत होती. तिचं पुठ्ठ्याचं आवरण गेलेलं, पहिली काही पानं कडेनं कुरतडलेली, आणि पानांना सुंठीचा वास. अप्पा गेल्यावर घरातल्या वस्तूंची वाटणी झाली तेव्हा भांडी-कुंडी, जमीन, शिवणयंत्र सगळ्यांवर चर्चा झाली. हे पुस्तक कुणी मागितलं नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं.

मी वैद्य झालो नाही. आरोग्यविम्याच्या कचेरीत क्लेम तपासतो. दिवसभर डिस्चार्ज समऱ्या वाचायच्या. दाखल तारीख, तक्रार, तपासण्या, दिलेली औषधं, सोडतेवेळी प्रकृती स्थिर. गेली काही वर्षं रात्री जेवणानंतर मी लोलिंबराज वाचतो, आणि दोन्हींत एक विचित्र साम्य मला दिसत आलंय. त्याच्याकडे येतोच, पण आधी हा माणूस कोण ते सांगायला हवं.

लोलिंबराज जुन्नरचा. साधारण सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधीवरचा मानतात. ‘हरिविलास’ हे कृष्णकथेचं काव्यही त्यानं लिहिलं. पण नाव राहिलं ते ‘वैद्यजीवन’मुळे. ग्रंथाचे पाच भाग, आणि त्यांना तो अध्याय न म्हणता ‘विलास’ म्हणतो. पहिलाच विलास ज्वराचा! तापाच्या प्रकरणाला विलास म्हणणारा माणूस कोणत्या मनःस्थितीत लिहायला बसला असेल, हे तिथेच कळतं. श्लोकामागून श्लोक तो आपल्या बायकोला उद्देशून रचतो. तिचं नाव रत्नकला. परंपरा सांगते की ती मूळची मुसलमान घरातली, मुरासा नावाची, आणि लग्नानंतर रत्नकला झाली. यात इतिहास किती आणि आख्यायिका किती, या वादात मला रस नाही. काव्यात ती आहे, एवढं मला पुरतं.

आपल्याकडचं वैद्यक पद्यात असणं नवं नाही. चरक-सुश्रुतांत गद्य-पद्य मिसळलेलं आहे, वाग्भटाचं ‘अष्टांगहृदय’ जवळजवळ सगळं पद्यातच. कारण साधं होतं, पाठ करायचं असे. वृत्तात बसलेलं सूत्र विसरायला जड जातं. एखादं औषधी द्रव्य गळलं तर मात्रा लंगडते आणि जिभेला लगेच कळतं. म्हणजे छंद हा वैद्याचा तराजूच झाला. पण वाग्भटाची वृत्ती गंभीर. राग, लोभ असले मनाला चिकटलेले रोग ज्यानं समूळ मारले त्या ‘अपूर्व वैद्या’ला तो सुरुवातीलाच नमस्कार करतो. वाचताना आपण आपसूक ताठ बसतो.

लोलिंबराज ताठ बसूच देत नाही. तो सुरुवातीलाच जाहीर करतो:

येषां न चेतो ललनासु लग्नं
मग्नं न साहित्यसुधासमुद्रे ।
ज्ञास्यन्ति ते किं मम हा प्रयासान्
अन्धा यथा वारवधूविलासान् ॥

ज्यांचं चित्त कधी स्त्रीत गुंतलं नाही, साहित्याच्या अमृतसागरात बुडालं नाही, त्यांना माझे कष्ट काय कळणार, आंधळ्याला वेश्येचे हावभाव कळावेत तसे! वैद्यकाच्या पुस्तकाला ही प्रवेशपरीक्षा. वृत्त इंद्रवज्रा, चालीला ऐटबाज, आणि ‘लग्नं’ला लागून पुढच्या चरणात लगेच ‘मग्नं’. लागलेलं आणि बुडालेलं, एकाच ठेक्यावर. शेवटची उपमा मला आवडत नाही, स्पष्टच सांगतो. पण ओळींतली घमेंड आवडते. मधला तो ‘हा’ तर खास, कारण तो उसासाही आहे आणि नाटकही.

आणि घमेंडीचं म्हणाल तर कळस पुढेच आहे. सप्तशृंगीची भक्ती सांगताना तो म्हणतो की त्या अठराभुजेच्या कृपेनं मी एका घटिकेत शंभर पद्यं रचतो. हेसुद्धा ‘घटस्तनि’ असं बायकोला संबोधूनच, आणि लगेच पुढे ‘घटीमध्ये’. घट आणि घटी, देवीच्या स्तुतीतही याची जीभ वळवळायची थांबत नाही.

वणीच्या गडावर अप्पांनी मला एकदा नेलं होतं, तेव्हा ट्रॉली नव्हती, पायऱ्या चढायच्या. दर पन्नास पायऱ्यांवर अप्पा बसत आणि बसल्याचं कारण म्हणून काहीतरी सांगत. घटिका म्हणजे चोवीस मिनिटं, हे त्यांनी अशाच एका थांब्यावर सांगितलं. माझ्या हातात मुंजीचं घड्याळ होतं. हिशेब केला, एका पद्याला साडेचौदा सेकंदसुद्धा येत नाहीत. ज्या शार्दूलविक्रीडित वृत्तात त्यानं ही बढाई मारली आहे त्याचे चार चरण मिळून शहात्तर अक्षरं होतात. अप्पांनी तो श्लोक नेहमीच्या संथ चालीत म्हटला तेव्हा मी घड्याळ बघत होतो. वीस सेकंदांच्या वर लागले. “अप्पा, नुसता म्हणायलाच पुरत नाही वेळ.” ते हसले. म्हणाले, “म्हणून तर देवी लागते.”

वर शेंदूर माखलेली ती प्रचंड मूर्ती, आणि तिची एका बाजूला किंचित कललेली मान. समोरच्या मार्कंडेयाच्या डोंगरावर ऋषी पुराण सांगताहेत आणि ती कान देऊन ऐकते आहे, असं तिथे सांगतात. ऐकणारी देवी. लोलिंबराजानं दैवत बरोबर निवडलं.

आता त्या एका श्लोकाकडे परत. ‘पथ्ये सति’ हा साध्या अनुष्टुभ छंदातला, शृंगाराचा लवलेश नाही, उपमा नाही, झाड नाही, औषधाचं नावसुद्धा नाही. साऱ्या ग्रंथात हाच घरोघर का गेला? वर्ण तेच ठेवून अर्ध्या श्लोकाचीच आवृत्ती करायची, या यमकाला अलंकारशास्त्रकार दंडीनं ‘काव्यादर्शा’त नाव दिलंय, समुद्ग. समुद्ग म्हणजे डबी. दोन सारख्या झाकणांची, एकमेकांवर बरोबर बसणारी. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. वैद्याच्या हातात याहून बरा अलंकार कुठला असणार? अप्पांची एक पितळी डबी होती, भस्माच्या पुड्या ठेवायची. तिचं झाकण कुठलं आणि तळ कुठला हे ओळखू येत नसे. उलटी उघडली की सगळं मांडीवर.

या डबीत काय आहे? आत काहीच नाही, हीच तर गंमत. पथ्य असेल तर औषध नको, पथ्य नसेल तरी औषध नको. दोन्ही झाकणं मिटली की वैद्याचा धंदाच बुडाला. ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात, शेकडो काढे आणि चूर्णं सांगण्याच्या आधी, हा माणूस म्हणतो की यातलं काही लागत नाही. त्याला ते खरंही वाटत असणार आणि त्याचं हसूही येत असणार. या काव्याचा भाव मला विचाराल तर तो इथे आहे, मिश्कीलपणात. करुण नाही, उपदेशाचा नाही. आणि जुन्या पोथ्यांत अवग्रह, म्हणजे ते ऽ चिन्ह, नेहमी लिहिलेला असतोच असं नाही, म्हणजे डोळ्यांनीही दोन ओळी वेगळ्या करता येत नाहीत. कुठली झाकणाची आणि कुठली तळाची हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

इथे माझा एक चावटपणा. या काव्यात जागोजागी रत्नकलेला हाक मारलेली असल्यामुळे कानाला संबोधनांची सवय होते. मग ‘पथ्ये सति’ ऐकलं की वाटतं, हीदेखील हाकच. ‘पथ्या’चं संबोधन पथ्ये, ‘सती’चं संबोधन सति. हे हितकारिणी, हे साध्वी, रोग्याला औषधं घेऊन काय करायचंय? टीकाकार मला हाकलून देतील. पण व्याकरण आड येत नाही. शिवाय पथ्या हे हिरड्याचंही एक नाव, आणि जुन्नरच्या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी बाया-बापे आजही बाळहिरडा गोळा करून विकतात. जुन्नरच्या कवीच्या तोंडी ‘पथ्ये’ आलं की मला त्या सुरकुतलेल्या काळ्या फळाचीही आठवण होते. अप्पा जेवणानंतर एक तुकडा गालात धरायचे.

रूपाचा दुसरा खेळ कोड्यांचा. त्यातलं एक अप्पा ओसरीवर म्हणत नसत, पुस्तकातच सापडलं. का म्हणत नसत तेही कळलं. रक्तपित्ताच्या, म्हणजे रक्तस्रावाच्या रोगाच्या, प्रकरणात तो रत्नकलेला तीन प्रश्न विचारतो. हत्तीच्या कानाची पाळी कोण फाडतात? नवी नवरी शेजेवर कुठलं अव्यय उच्चारते? ‘नृ’ शब्दाचं संबोधन काय? आणि मग विचारतो की रक्तपित्त कोण घालवतं, सुंदरी, तूच सांग. पहिल्याचं उत्तर सिंहाः, दुसऱ्याचं न, तिसऱ्याचं नः. विसर्गाचा संधी करून तिन्ही जोडले की सिंहाननः, म्हणजे अडुळसा.

आमच्या परसात अडुळशाचं कुंपण होतं. पांढरं फूल, दोन ओठ फाकलेले, आत जांभळट रेषा. जबडा उघडलेला सिंह त्यात दिसायला थोडी कल्पना लागते, पण एकदा दिसला की जात नाही. फूल तोडून मागून चोखलं की थेंबभर गोड लागतं, आम्ही पोरं तेच करायचो. अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून पुढे ब्रोमहेक्सीन हे औषध तयार झालं. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ते नाव छापलेलं असतं, आणि क्लेमच्या बिलांत ते दिसलं की मला परसातलं कुंपण आठवतं.

हे कोडं वाचताना मी मधल्या प्रश्नावर दर वेळी अडखळतो. नवरीचा नकार लाडिक समजून त्याचा विनोद करणं त्या काळच्या काव्यात सर्रास होतं, पण म्हणून माझी जीभ सुरळीत चालत नाही. मात्र एक गोष्ट त्याच श्लोकात आहे जी मला सोडवत नाही. उत्तर श्लोकात नाही. बहिर्लापिका म्हणतात याला, उत्तर बाहेर राहतं. ‘वद त्वमेव’ म्हणून तो थांबतो आणि पुढची जागा तिची. आणि तिला येतं! नृ शब्द चालवता येतो, विसर्गाचा संधी येतो, वनस्पतींची पर्यायी नावं येतात. ग्रंथभर जिच्या रूपाचंच वर्णन चाललंय ती बाई प्रत्यक्षात त्याची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी आहे, आणि बहुधा वैद्यकात त्याच्या बरोबरीची. तिच्या तोंडचं वाक्य मात्र आपल्याला ऐकू येत नाही. तेही गिळलेल्या अ-सारखंच.

कडू काढा घशाखाली उतरावा म्हणून तो मधातून देतात, त्याला अनुपान म्हणतात. शृंगार हे लोलिंबराजाचं अनुपान, असं म्हणण्याचा मोह होतो आणि पुष्कळ जण तसं म्हणतातही. मला ते अर्धंच पटतं. अनुपान औषधासाठी असतं. इथे कित्येकदा उलटं वाटतं, की औषध हे निमित्त आहे आणि याला बायकोशी बोलायचंय. चरकानं पथ्याची व्याख्या करताना शरीराच्या मार्गाला सोडून नसलेलं असं म्हटलं आणि त्याला जोडूनच ‘मनसः प्रियम्’ म्हटलं, मनाला आवडणारंही. त्या न्यायानं सारं ‘वैद्यजीवन’ हे एका माणसाचं स्वतःचं पथ्य असावं.

ते साम्य सांगायचं राहिलं. माझ्या टेबलावरच्या समऱ्यांत रोगी नसतो. रोग असतो, मात्रा असते, तारीख असते. लोलिंबराजाच्या काव्यातही रोगी नाही. ताप आहे, पण तापानं तळमळणारं कुणी नाही. कण्हणं नाही, रात्र काढणं नाही, उशाशी बसलेली आई नाही. वैद्य कसा असावा ते तो सांगतो: गुरूकडून सगळं शिकलेला, क्रियेत कुशल, निर्लोभी, धीराचा, दयाळू, आणि ‘पीयूषपाणिः’, हातात अमृत असलेला. आपण मराठीत म्हणतो ना, त्यांच्या हाताला गुण आहे, तेच. पण ज्याच्या अंगाला तो हात लागायचा, तो काव्याच्या बाहेरच बसलेला. एकच शब्द त्याच्यासाठी येतो, ‘गदार्तस्य’. रोगानं आर्त झालेल्याला. दोनदा येतो.

अप्पांना मधुमेह होता. रोग्यांना जव आणि मूग सांगणारे अप्पा स्वतः आमरसाच्या दिवसांत चोर व्हायचे. आढी माळ्यावर असे, किल्ली आजीकडे. तरी कोयी सापडायच्या, कधी विहिरीमागे तर कधी चुलीच्या राखेत. पकडले गेले की श्लोक म्हणत. आजीचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं, “एकच ओळ दोनदा म्हणतात आणि आंबाही दोनदा खातात.”

शेवटच्या मे महिन्यात अप्पा माजघरात खाटेवर होते. पायाची जखम भरत नव्हती, मूत्रपिंडांनी काम सोडत आणलं होतं. गावातले डॉक्टर घरी येऊन बघून गेले. ओसरीवर चपला घालताना खाली बघतच म्हणाले, “आता काय मागतील ते खाऊ द्या.” हे वाक्य महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अप्पांनी स्वतः ते त्याच ओसरीवर उभं राहून लोकांना सांगितलेलं होतं.

आजी काही बोलली नाही. कमरेची किल्ली काढून माळ्यावर गेली. खाली आली तेव्हा पदरात एक आंबा होता. पाण्यात टाकला, पुसला, विळीवर चिरला, काशाच्या ताटलीत तीन फोडी आणि कोय घेऊन खाटेपाशी ठेवली. कुणी मागितलं नव्हतं.

अप्पांनी ताटलीकडे बघितलं. मग आजीकडे. बराच वेळ. मग नेहमीच्या चालीत, पण अगदी हळू, म्हणाले, ‘पथ्ये सति गदार्तस्य किमौषधनिषेवणैः.’

आजी वाट बघत उभी होती. म्हणाली, “आणि दुसरी ओळ?”

“हीच दुसरी,” अप्पा म्हणाले. एक फोड खाल्ली, आणि कोय माझ्यापुढे केली.